तिसरी फळी

उधाणाच्या दिवशी बांधाच्या दारात तीन फळ्या घालायच्या असतात, हे बारक्याला कुणी शिकवायला नको होतं. गेली नऊ वर्षं मिठागराचं दार तोच सांभाळत होता. समुद्राकडून येणाऱ्या चराच्या तोंडाशी दोन दगडी खांब, खांबांना खाचा, आणि त्या खाचांत वरून सरकवायच्या जाड लाकडी फळ्या. पाणी आत हवं तेव्हा काढायच्या, नको तेव्हा घालायच्या. काम एवढंच, पण त्या एवढ्याशा कामावर चाळीस घरांचं मीठ उभं होतं.

तिसरी फळी पाणी पिऊन फुगली होती. खाचेत जाताना रुसून बसायची. रंधा मारून तिची कड उतरवायला हवी, असं बारक्या दोन महिने म्हणत होता. त्याची बायको म्हणायची, "यांचा उद्या कधी उजाडतच नाही."

त्या बुधवारी दुपारी दोन फळ्या त्याने घातल्या आणि तिसरी उचलली, तेवढ्यात मुकादमाने आपल्या शेडमधून हाक दिली. "बारक्या, चहा झालाय. ये जरा. तुझ्याच फायद्याचं बोलायचंय."

भरतीला अजून अवकाश होता. बारक्याने फळी खाचेला लावून पाहिली. ती अडली. त्याने ती खांबाला टेकवून ठेवली, हात लुंगीला पुसले आणि तो गेला.

मुकादमाने त्याला बसायला खुर्ची दिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. शेडमध्ये आणखी दोघे होते, दोघेही वजनकाट्यावरचे. चहाचा कप हातात देऊन मुकादम म्हणाला, "दाराजवळची ती पक्की खोली रिकामी होतेय. बारमाही माणूस ठेवायचा म्हणतोय मी तिथे. तुझं नाव माझ्या डोक्यात आहे."

बारक्याचा कप हातातच राहिला.

"पण लोक मला येऊन सांगतात," मुकादम पुढे म्हणाला. "तुझी आक्का. दर रविवारी पाच-सात माणसं घरात जमवायची, टाळ्या वाजवायच्या, डोळे मिटायचे. बापजाद्यांचा देव काय वाईट होता? तू घरातला पुरुष आहेस. तुझ्याच घरात हे चाललंय, आणि तू काय करतोस?"

आक्का म्हणजे बारक्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा बारक्या चार वर्षांचा आणि आक्का चौदाची. तिनेच त्याला वाढवलं. तिचं लग्न झालं, नवरा दोन वर्षांत समुद्रात गेला, आणि ती परत भावाच्या पाठीशी येऊन उभी राहिली. पाच वर्षांपूर्वी तिच्या पायात मीठ भरून पाय सडायला आला होता. चाळीस दिवस ती दवाखान्यात पडून होती. तिथल्या एका परिचारिकेने तिला येशूच्या गोष्टी वाचून दाखवल्या, मग अक्षरं दाखवली. आक्का दोन पायांवर चालत घरी आली ती काखेत बायबल घेऊन. चाळिशीला टेकलेली बाई बोट ठेवून वाचायला शिकली. तिने बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिच्या मागोमाग बारक्याही पाण्यात उतरला होता. आक्का जिथे, तिथे तो. लहानपणापासून तसंच होतं.

आणि आता मुकादमाच्या खुर्चीत बसून तो म्हणाला, "माझं काय हो, मी आपला तिच्या मागे गेलो. मनातून काही नाही त्यात."

"प्रार्थना करते म्हणजे करते तरी काय?" काट्यावरच्या एकाने विचारलं.

बारक्याने कप खाली ठेवला. डोळे घट्ट मिटले, तळवे वर केले, हनुवटी थरथरवली आणि नाकातून आक्काचा आवाज काढला, "हे प्रभूऽऽ, या चाळीस घरांना सांभाळऽऽ." तिघे खो-खो हसले. मुकादमाच्या डोळ्यांतून पाणी आलं. बारक्यालाही हसू आवरेना. कुणाला एवढं हसवायला त्याला आजवर कधी जमलं नव्हतं. दुसरा चहा आला. त्याने आणखी एकदा करून दाखवलं.

वारा फिरला तो कुणाला कळला नाही. आधी पाण्याचा आवाज आला. तो आवाज बारक्याने झोपेतही ओळखला असता. तो कप टाकून धावला.

समुद्र दोन फळ्यांवरून आत कोसळत होता. पंधरा दिवसांत वाफ्यांवर मिठाची पापडी धरली होती, उद्यापासून ओढायची होती. ती त्याच्या डोळ्यांदेखत विरघळत होती. मधले मातीचे बांध ढासळून एकमेकांत मिसळत होते. बारक्याने तिसरी फळी खाचेत लावली, पडलेला हातोडा उचलला आणि वरून घाव घालत सुटला. दोन्ही तळहात सोलवटले. पाण्याच्या आवाजात ते घाव कुणाला ऐकू गेले नाहीत. फळी बसली. पण आता ती बसून उपयोग काय? आत जायचं ते गेलं होतं.

लोक धावत आले तेव्हा त्यांना दिसलं ते हे : आत सगळीकडे गुडघाभर पाणी, आणि दारात तिन्ही फळ्या जागच्या जागी.

"फळ्या तर तिन्ही आहेत!" मुकादम ओरडला. "मग पाणी आलं कुठून?"

बारक्या खांबाला धरून उभा होता. त्याच वेळी बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. ते जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. मग मुकादमाची आई पुढे झाली. तिला सगळे थोरली म्हणत. तिने बंद दाराकडे पाहिलं, वाफ्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बंद दारातून समुद्र आत आला. आता तरी डोळे उघडा. आपला देव सोडून गावात परका देव बसवला की असंच व्हायचं."

चाळीस घरांची माणसं आक्काकडे वळली. आक्का त्या पाण्यात उभी राहून रिकाम्या टोपल्या गोळा करत होती. वाहून जाऊ नयेत म्हणून, दुसऱ्यांच्याही.

घरी आल्यावर बायकोने बारक्याचे हात पाहिले. "हे काय झालं?"

"फळी घालताना लागलं."

"फळी तर दुपारीच घातली होतीत ना?"

त्याने हात पुढे केले. हळद लावून तिने तळहात बांधले, फक्त गाठ जरा जास्तच आवळून मारली.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने आक्काला शेडसमोर बोलावलं. सगळे जमले होते. मुकादम तसा दुष्ट माणूस नव्हता. त्याचं स्वतःचंही मीठ गेलं होतं, आणि माणसाचं गेलं की त्याला बोट दाखवायला कुणीतरी लागतं.

"आक्का, आमचं मागणं मोठं नाही," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर एकदा म्हण, मी तो देव सोडला. मग कामाला ये, कुणी काही बोलणार नाही."

आक्काने पदर सारखा केला. "मी तुमचं मीठ बुडवलं नाही, दादा. बुडवावं असं मनातही आणलं नाही. पण सोडला म्हणू कशी? सोडला नाही ना."

"नुसतं म्हणायचंय. तोंडाने."

"तोंडानेच तर त्याचं नाव घेते."

कुणीतरी शिवी घातली. थोरली म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही." निकाल झाला : आक्काने मिठागरात पाऊल ठेवायचं नाही, गोड्या पाण्याच्या नळावर सगळ्यांचं झाल्यावर यायचं. आणि बारक्याने तिला घरात ठेवली, तर बारक्याचंही काम गेलं.

सगळे बारक्याकडे पाहत होते. तो स्वतःच्या बांधलेल्या हातांकडे पाहत होता.

त्याच्यावर बोलायची वेळ आक्काने येऊच दिली नाही. घरी जाऊन तिने दोन लुगडी, एक भांडं, बायबल आणि अंथरूण एका गाठोड्यात बांधलं. मिठागराच्या टोकाला रिकामी पोती ठेवायची एक जुनी खोली होती, छपराचा अर्धा पत्रा उडालेली. तिकडे निघाली. बारक्या चार पावलं तिच्याबरोबर गेला. गाठोडं घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात वाटेच्या कडेला बसलेली माणसं दिसली. हात आपोआप मागे गेला. आक्काने ते पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली. "हात सोलवटलेत तुझे."

बायको दारात उभी होती. तिला या देवाचंही फार नव्हतं आणि त्या देवाचंही. पण आक्काची पाठ दिसेनाशी झाल्यावर ती म्हणाली, "या घरात मी आले तेव्हा मला भात शिजवता येत नव्हता. त्यांनी शिकवला, आणि कधी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला काय काय शिकवलं असेल." आणि आत निघून गेली.

मग बांध दुरुस्तीचे दिवस आले. पंपाने पाणी उपसायचं, गाळ काढायचा, माती टोपलीने आणून नवे बांध घालायचे आणि ते पायाने तुडवून घट्ट करायचे. ऊन असं की गाळाला वाफ यायची. मिठाच्या पाण्याने सगळ्यांच्या पायांना भेगा पडल्या. बारक्या सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा. दुसऱ्याच्या वाटणीच्या टोपल्याही उचलायचा. लोक म्हणायचे, बिचारा, बहिणीपायी भोगतोय. कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. त्या हाताचं ओझं मातीच्या टोपलीहून जड होतं.

तिसऱ्या दिवशी पाहतात तर मिठागराच्या बाहेरच्या अंगाला, जिथे तिला बंदी पोचत नव्हती, तिथे आक्का एकटीच माती खणून बांधाला लावत होती. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी रोजंदारीही देणार नव्हतं. पुरुषांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. बायकांतल्या एकीने हटकलं, "कशाला मरतेस? तुझा वाटा तर नाही यात."

"बांध फुटला तर पाणी कुणाचा वाटा विचारून थांबणार आहे का?" आक्का म्हणाली. एवढं बोलून ती पुन्हा फावड्याकडे वळली. दुसऱ्या दिवशी ते फावडं दांड्यापासून मोडलेलं सापडलं. तिने पात्याला चिंधी गुंडाळली आणि हातानेच खणत राहिली.

रविवारी तिच्याकडे पूर्वी सात माणसं यायची. पहिल्या रविवारी त्या पोत्यांच्या खोलीत तीन आली. दुसऱ्या रविवारी एकटे आजोबा आले. आजोबा जाळी विणायचे, डोळ्यांनी अधू, ऐंशीच्या घरातले. बांध चाचपत चाचपत आले. लोकांनी त्यांना अडवलं तेव्हा म्हणाले, "मला आता कामावरून काढणार कोण? वर बसलेला. त्याला भेटायलाच तर चाललोय." बारक्या दुरून पाहत होता. खोलीच्या दाराला कुणीतरी गाळ फासून ठेवला होता. आक्काने आधी तो खरवडला, हात धुतले, आणि मग दोघांची प्रार्थना सुरू झाली. दोन माणसांसाठीही तिने पूर्वीसारखाच मोठ्याने सूर लावला. तो नाकातला आवाज बारक्याच्या कानांत शिरला. तो बांधाआड बसून राहिला.

त्या आठवड्यात त्याच्या टाचेची भेग इतकी उलली की पाय टेकवेना. संध्याकाळी तो लंगडत आक्काच्या खोलीवर गेला. कशाला गेलो, हे त्याचं त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

"बस," आक्का म्हणाली. तिने त्याचा पाय पाहिला आणि नेहमीसारखी चुकचुकली. पुरवून वापरायच्या गोड्या पाण्यातलं तांब्याभर घेऊन तिने तो पाय धुतला. चमच्यात मेण आणि तेल तापवलं आणि काडीने भेगेत भरायला लागली. चटका बसला, त्याने पाय ओढला.

"चार वर्षांचा होतास तेव्हाही असाच ओढायचास."

ती खाली मान घालून मेण भरत होती. तिचे स्वतःचे पाय बारक्याला दिसत होते. त्यांच्या भेगांत गाळ सुकून काळा झाला होता.

"बारक्या, एक विचारू? खरं सांग."

"काय?"

"माझ्यामुळे झालं असेल का रे हे?"

"काय?"

"पाणी. बंद दारातून पाणी येतं कसं? रोज विचार करते. माझ्या हातून काही चुकलं असेल, मनात अभिमान आला असेल, म्हणून त्यानेच हे... चाळीस घरं, बारक्या. लेकराबाळांची घरं. तुझंही." तिचा आवाज खाली गेला. "मी त्याला विचारते. तो काही बोलत नाही."

आता. आताच. खोलीत दोघांशिवाय कुणी नव्हतं. मेण भेगेत थंड होत होतं. बारक्याने तोंड उघडलं.

"मला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला.

आक्काने मान हलवली. "खरंय. तुला तरी काय कळणार."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बोलत नाही, तर मग तू का बोलत राहतेस त्याच्याशी?"

"तू रुसून दोन-दोन दिवस बोलायचा नाहीस. म्हणून मी काय तुला हाक मारायची सोडली?" तिने भेगेवर चिंधी बांधली. "ऊठ. जा आता. तुला इथे पाहिलं तर उगाच बोलतील."

वाटेने येताना तो पाय नीट टेकवत होता, आणि दर पावलाला त्याला वाटत होतं की दुखला असता तर बरं झालं असतं.

बांध पुरे झाले. वाफ्यांत पुन्हा पाणी सोडायच्या आदल्या दिवशी सकाळी मुकादमाने सगळ्यांना शेडसमोर बोलावलं, कामं वाटून द्यायला. वाटणी चालू असतानाच आक्का आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. काखेत तेच गाठोडं होतं. आजोबा तिच्या खांद्याला धरून मागे उभे होते.

"मी जाते," ती म्हणाली. "दोन गावांपलीकडे वीटभट्टीवर काम मिळतंय. उद्या तुम्ही पाणी घेणार, तेव्हा कुणाच्या मनात भीती नको. माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं असेल तर मला माफ करा." तिने चाळीस घरांसमोर हात जोडले. केस पिकलेले, हात गाळाने फुटलेले. "त्याला मात्र सोडलं म्हणणार नाही. तेवढं मागू नका."

थोरलीनेसुद्धा मान खाली घातली. मुकादम खाकरला. "जाऊ दे मग. सुखाने जा."

बारक्या तिसऱ्या रांगेत उकिडवा बसला होता. आपण उभे राहिलो, हे त्याला बायकोने शर्ट धरून खाली ओढलं नाही तेव्हा कळलं. एरवी ती ओढायची. आज ती नुसती वर पाहत होती.

"तिच्यामुळे नाही," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाला, "आक्कामुळे नाही झालं. मी तिसरी फळी घातलीच नव्हती."

मागून कुणीतरी हसलं. "आली माया भावाची! आता बहिणीला वाचवायला खोटंही बोलेल."

"खोटं नाही. फळी फुगली होती, बसत नव्हती. ठेवून दिली. पाणी आत आल्यावर ठोकून बसवली."

"बस खाली, बारक्या," मुकादम म्हणाला. अगदी मायेने म्हणाला. "कळतं आम्हाला. पाठची बहीण नाही, आईसारखी आहे तुला."

जीव तोडून खरं बोलावं आणि ते कुणाला हवंच नसावं, असं काही असतं हे बारक्याला माहीत नव्हतं. तो पुढे आला, मुकादमाचा हात धरला आणि त्याला ओढत दाराकडे घेऊन गेला. सगळे मागे. पंधरा-सोळा दिवस वरच्या फळीला कुणी हात लावला नव्हता. दुरुस्ती चालू होती, दार बंदच ठेवलं होतं. "काढा," बारक्या म्हणाला. दोन गड्यांनी जोर लावला. फळी हलेना. पहार घालून उचकटली. तिची वरची कड हातोड्याच्या घावांनी चेचली होती, आणि कडेच्या फटीत सुकलेल्या रक्ताचा काळा पट्टा होता.

मुकादम बराच वेळ त्या कडेवर अंगठा फिरवत राहिला. "म्हणजे माझ्या शेडमध्ये बसला होतास तेव्हा..."

"हो."

"तेव्हा फळी बाहेर होती."

"हो."

त्या दुपारी शेडमध्ये काय चाललं होतं ते मुकादमाला आठवलं असावं. त्याने एकदा आक्काकडे पाहिलं आणि नजर फिरवली. मग त्याने बारक्याच्या थोबाडीत मारली. मार जोराचा नव्हता, पण सगळ्यांदेखत होता. गाळाचा एक गोळा येऊन बारक्याच्या मानेवर बसला. मग दुसरा. बारक्या उभा राहिला. त्याला वाटलं होतं की बोलून टाकलं की छातीवरची धोंड उतरेल. उतरली नाही. तिने नुसती जागा बदलली.

कारण त्याने आक्काकडे पाहिलं होतं. एवढ्या माणसांत तिला कुणी काही पटवायची गरज नव्हती. तो बोलायला उभा राहिला तेव्हाच तिला कळलं होतं. तिने त्याला वाढवलं होतं, त्याचा खरा आवाज तिला ठाऊक होता. ती गाठोडं काखेत मारून त्याच्या शेजारून गेली, आणि तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

बारक्याचं दार गेलं. पुढचा सगळा हंगाम वाट्याशिवाय बांधावर राबायचं, असं ठरलं. आक्कावरची बंदी उठली, आणि थोरली घरी जाता जाता म्हणाली, "विसरला असेल फळी. पण विसरायची बुद्धी त्याला कुणी दिली?" चार माना डोलल्याच. माणसाला एकदा मिळालेलं कारण सहजी सोडवत नाही.

दुपारी बारक्या पोत्यांच्या खोलीवर गेला. आक्का वीटभट्टीला गेली नव्हती. बंद गाठोड्यावर हात ठेवून बसली होती.

"आक्का."

"सोळा दिवस," ती म्हणाली. त्याच्याकडे न पाहता. "सोळा दिवस मी देवाला विचारत होते, माझं काय चुकलं. त्याच्या तोंडाकडे पाहायची मला भीती वाटत होती. लोकांनी हाकललं, फावडं मोडलं, दाराला गाळ लावला, त्याचं मला काही नाही. त्यांना खरं माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तुझा पाय माझ्या मांडीवर होता आणि तुला माहीत होतं."

तो दारातच बसला. "आणखी एक आहे."

"अजून?"

न सांगताही चाललं असतं. ते कुणालाच कधी कळलं नसतं. "फळी टाकून मी शेडमध्ये गेलो तेव्हा... त्यांना तुझी नक्कल करून दाखवली. तू प्रार्थना करतेस त्याची. ते हसले. मी पुन्हा केली."

आक्काने एवढ्या दिवसांत डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता तिचा चेहरा आतून कुणी मुठीत धरून आवळल्यासारखा झाला. तिने विचारलं, "काय म्हणत होते मी? नकलेत?"

"चाळीस घरांना सांभाळ म्हणत होतीस."

ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "जा तू आता."

"आक्का, माफ कर."

"करायचं आहे मला," ती भिंतीशीच म्हणाली. "त्याने सांगितलंय करायला, करावंच लागेल. पण येत नाहीये मनातून. खोटं कशाला बोलू? रोज मागेन. आज नाही जमत. जा."

आक्का भावाच्या घरी परतली नाही. पत्रा तिने स्वतः डागडुजी करून बसवला आणि तिथेच राहिली. मिठागरात कामाला यायला लागली. नळावर काही बायका तिच्याशी बोलायच्या, काही अजून घागर लांब धरायच्या. रविवारी आजोबा यायचे, आणि एक दिवस बारक्याची बायको गेली. कशाला गेलीस, असं बारक्याने विचारलं तर म्हणाली, "त्यांना एकटीला गाताना ऐकवत नाही. सूर लांबतो."

बारक्याही जाऊ लागला. आत जायचा नाही. दाराबाहेर, उन्हात बसायचा. आक्का त्याला ये म्हणायची नाही आणि जा म्हणायची नाही. प्रार्थना संपली की तिचं भांडी आवरणं सुरू व्हायचं आणि तो उठून चालू लागायचा. असे पाच रविवार गेले. वाफ्यांत नवी पापडी धरली, ती ओढून झाली, बांधावर मिठाच्या राशी उभ्या राहिल्या. त्यांतली एकही त्याची नव्हती.

सहाव्या रविवारी सगळे गेल्यावर आक्का दारात आली. "ऊन लागतंय," ती म्हणाली. "आत ये."

तो आत येऊन भिंतीला टेकून बसला. तिने चुलीवरचं झाकण काढून पाहिलं, पुन्हा ठेवलं.

"जमलं का?" त्याने खाली बघत विचारलं.

"थोडं जमलं."

"किती?"

"थोडं म्हणजे थोडं. मापाने भरायला ते काय मीठ आहे?" ती म्हणाली. मग तिने ताटात भात वाढला, त्याच्यापुढे सरकवला आणि स्वतःचं ताट घेऊन समोर बसली. पूर्वीसारखी शेजारी नाही, समोर. डोळे मिटून तिने अन्नासाठी दोन शब्द म्हटले. त्यात त्याचं नाव आलं. ते घेताना ती जरा अडखळली, पण तिने घेतलं.

बारक्याने घास उचलला. भात चांगला मऊ होता, तरी तो त्याला बराच वेळ चावावा लागला.